टेक्स्ट फाइलमधला पाऊस

पावसाळा सुरू झाला की सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात मोबाइलवर रोज सकाळी एक संदेश फिरू लागतो. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चार नावे, प्रत्येकापुढे टीएमसीतला साठा आणि टक्केवारी, आणि सगळ्यात खाली मुठा नदीत सोडलेल्या विसर्गाचा आकडा. धायरी, नांदेड, वडगाव, विठ्ठलवाडी ही सगळी वस्ती धरणाच्या खालच्या अंगाची, त्यामुळे तो संदेश इथे मनापासून वाचला जातो. चारही धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी. त्यातले वरसगावचे १२.८२, पानशेतचे १०.६५ आणि टेमघरचे ३.७१. सगळ्यात खालच्या खडकवासल्यात मात्र अवघे १.९७ टीएमसी मावते. संदेश वाचून पुढे पाठवला जातो, दुसऱ्या दिवशी नवा येतो आणि कालचा आकडा कुणाच्या लक्षात राहत नाही.

हेच आकडे संगणकावरच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये रोज एक ओळ याप्रमाणे लिहीत गेले, तर त्यांचे मोल एकदम वाढते. फाइल कसली, तर नोटपॅडमध्ये उघडते तसली. रंग नाही, ठळक अक्षर नाही, चौकटी नाहीत. ओळीच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ, मग मोकळी जागा, मग साठा, पुन्हा मोकळी जागा, मग विसर्ग. एक ओळ म्हणजे एक नोंद. अशा फाइलीतून आलेख काढून देणारी आणि त्या आकड्यांवर गणितही करून देणारी सॉफ्टवेअर आज बरीच आहेत. त्यातली कित्येक फुकट मिळतात. त्यांची ओळख विज्ञानाच्या विद्यार्थ्यांपुरती राहिली, हे बरे झाले नाही. पाऊस, पाणी, वीजबिल, रक्तातली साखर, भट्टीचे तापमान असे जे जे मोजून लिहिता येते, ते ते या सॉफ्टवेअरचे खाद्य आहे.

त्यातले एक जुने आणि भरवशाचे नाव म्हणजे नूप्लॉट. थॉमस विल्यम्स आणि कॉलिन केली यांनी ते १९८६ मध्ये लिहायला घेतले. जवळपास चाळीस वर्षे होत आली, तरी ते आजही सुधारत आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स अशा सगळ्या यंत्रणांवर चालते. ते उघडले की समोर बटणांची गर्दी नसते, नुसती एक रिकामी ओळ आज्ञेची वाट पाहत असते. तिथे लिहायचे ‘प्लॉट’, मग अवतरणचिन्हांत फाइलचे नाव, मग ‘युझिंग १:२’ आणि शेवटी ‘विथ लाइन्स’. अर्थ सरळ आहे: या फाइलमधला पहिला स्तंभ आडव्या अक्षावर घे, दुसरा उभ्या अक्षावर घे आणि बिंदू रेषेने जोड. एंटर दाबताच आलेख हजर. तारखा असतील तर त्या कशा लिहिल्या आहेत, दिवस आधी की महिना आधी, हे अगोदर सांगावे लागते. फाइलच्या सुरुवातीला माहितीची ओळ लिहायची असेल तर तिच्या आधी हॅशचे चिन्ह घालायचे, म्हणजे नूप्लॉट ती ओळ सोडून देते.

आता धरणसाठ्याचा आलेख डोळ्यांसमोर आणा. आकडा सांगतो की धरण किती भरले. रेषेचा चढ सांगतो की ते किती वेगाने भरत आहे. नदीकाठच्या माणसाला गरज असते ती दुसऱ्या गोष्टीची. समजा, खडकवासल्याचा साठा तासाभरात ०.१ टीएमसीने वाढला. टक्केवारीत हा फरक जेमतेम पाचाचा, संदेशात तो नजरेतही भरणार नाही. पण टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट आणि क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. हिशेब केला तर त्या तासात धरणात येणारे पाणी बाहेर जाणाऱ्या पाण्यापेक्षा सुमारे २७,८०० क्युसेकने जास्त होते असे निघते. एवढे पाणी छोट्या खडकवासल्याला साठवून ठेवता येत नाही, ते पुढे सोडावेच लागते. आलेखाची रेषा अशी उभी चढू लागली की विसर्ग वाढणार हे आधीच ताडता येते.

२५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरले. लष्कराला मदतीला यावे लागले. त्या दिवशी मुठेतला विसर्ग ३५ हजार क्युसेकच्या घरात गेला होता. या वेगाने दिवसभर पाणी सोडले तर तीन टीएमसी वाहून जाते, म्हणजे खडकवासल्यासारखी दीड धरणे. वरून थेंबभरही पाणी आले नाही असे धरले, तर काठोकाठ भरलेले खडकवासला साडेपंधरा तासांत रिकामे होईल. हा गुणाकार शाळकरी मुलालाही जमेल. तो करायचा तर आकडे तासातासाला, वेळेसह, आणि संगणकाला वाचता येतील अशा रूपात हाती असायला हवेत. चित्र किंवा छायाचित्र म्हणून आलेला तक्ता माणसाला वाचता येतो, पण प्लॉटिंगच्या सॉफ्टवेअरला त्यातून काही मिळत नाही. सार्वजनिक आकडे साध्या टेक्स्टमध्ये प्रसिद्ध होणे ही नदीकाठच्या वस्त्यांच्या सुरक्षिततेची बाब आहे.

अशा फाइलीचे मोठे उदाहरण पुण्यातच आहे. धायरीहून पाषाणला गेले की भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था लागते, आयआयटीएम नावाने ओळखली जाणारी. तिथले शास्त्रज्ञ बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या ३०६ पर्जन्यमापक केंद्रांच्या जुन्या नोंदी एकत्र आणल्या आणि हिमालयाचा डोंगराळ भाग वगळून देशाच्या पावसाची १८७१ पासूनची महिनावार मालिका तयार केली. ती साध्या टेक्स्ट फाइलच्या रूपात संशोधकांना खुली झाली. ओळीच्या सुरुवातीला वर्ष, पुढे जानेवारी ते डिसेंबर, त्यापुढे हंगामांच्या बेरजा. आकडे मिलिमीटरच्या दहाव्या भागात लिहिलेले, म्हणून ६०४० दिसले तर ते ६०४ मिलिमीटर समजायचे. दीडशेच्या आसपास ओळींची ही फाइल मोबाइलवर काढलेल्या एका फोटोपेक्षा कितीतरी लहान भरते. जगभर मान्सूनवर लिहिल्या गेलेल्या असंख्य शोधनिबंधांना तिचा आधार आहे.

तिच्यातला जून ते सप्टेंबरचा स्तंभ आलेखावर उतरवला की देशाचा इतिहास दिसू लागतो. सरासरी साधारण ८५० मिलिमीटर. डावीकडे, अगदी सुरुवातीलाच, एक खोल दरी आहे. ते १८७७ साल, सुमारे ६०४ मिलिमीटर, दख्खनच्या मोठ्या दुष्काळाच्या काळातले. मधल्या भागात सगळ्यात उंच शिखर १९६१ चे, सुमारे १,०२० मिलिमीटर. त्याच वर्षी १२ जुलैला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले आणि पुण्याची नदीकाठची वस्ती वाहून गेली. देशाचा सरासरी पाऊस आणि एका अपुऱ्या बांधलेल्या धरणाचे फुटणे यांचा सरळ कार्यकारणभाव जोडता येत नाही, तरी पुणेकराची नजर त्या शिखरावर थबकतेच. शिखरापासून अकरा वर्षे पुढे सरकले की पुन्हा दरी, १९७२ ची, ६५३ मिलिमीटरच्या आसपास. सुकडी आणि खडी फोडण्याची कामे ज्यांनी पाहिली त्या पिढीला तिची ओळख करून द्यायला नको.

मग विश्लेषण. नूप्लॉटमध्ये ‘स्टॅट्स’ ही आज्ञा दिली की सरासरी, प्रमाण विचलन, सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा असे सगळे समोर येते. प्रमाण विचलन निघते सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आसपास. म्हणजे देशाचा मान्सून एरवी दहा टक्क्यांच्या आतबाहेर झुलतो आणि तेवढ्यानेच सुकाळ-दुष्काळ ठरतात. ‘फिट’ या आज्ञेने सगळ्या बिंदूंमधून एक सरळ रेषा बसवता येते. ती जवळपास आडवी येते, म्हणजे दीर्घकाळात वाढ किंवा घट फारशी नाही. इथेच थांबले तर ‘काही बदल नाही’ असा निष्कर्ष निघेल. पण दर वर्षाच्या मागची-पुढची वर्षे धरून एकतीस वर्षांची चालती सरासरी काढली की आलेखात संथ लाटा उमटतात. विसाव्या शतकाची पहिली तीन दशके कोरड्याकडे झुकलेली, मग १९३० पासून साठच्या सुरुवातीपर्यंत ओली, त्यानंतर पुन्हा कोरडी. आकडे तेच, फाइल तीच. सरळ रेषेने जे लपवले ते चालत्या सरासरीने दाखवले.

अशा हिशेबांना एके काळी माणसांची फौज लागे. गिल्बर्ट वॉकर १९०४ ते १९२४ या काळात भारतीय हवामान खात्याचे प्रमुख होते. मान्सूनचा अंदाज बांधण्यासाठी त्यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदींचे सहसंबंध कारकुनांकडून हातांनी मोजून घेतले. त्याच खटाटोपातून प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या दाबाचा झोका, म्हणजे सदर्न ऑसिलेशन, जगाला कळला. खात्याचे ऑफिस पुढे, १९२८ मध्ये, सिमल्याहून पुण्याला आले. शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक त्याच ऑफिसच्या नावाचा. वॉकर यांच्या कारकुनांना ज्या कामाला महिने लागले असतील, ते काम आज जुन्यापुराण्या लॅपटॉपवर डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होते. यंत्राची ही गती माणसाला घाईही शिकवते, आणि आलेख न पाहता सरासरी काढून मोकळे होण्याची सवय त्यातूनच लागते.

या सवयीवरचा उतारा १९७३ मध्ये फ्रान्सिस अॅन्स्कम या संख्याशास्त्रज्ञाने दिला. त्याने आकड्यांचे चार संच तयार केले, प्रत्येकात अकरा जोड्या. चारही संचांत आडव्या अक्षावरची सरासरी ९, उभ्या अक्षावरची ७.५, सहसंबंध ०.८१६ आणि बसवलेल्या सरळ रेषेचा चढ ०.५. गणिताच्या दृष्टीने चौघे जुळे. आलेख काढला की चार वेगळ्या गोष्टी समोर येतात. पहिल्यात बिंदू रेषेच्या दोन्ही बाजूंना नेहमीसारखे विखुरलेले. दुसऱ्यात रेषा नाहीच, सुबक कमान आहे. तिसऱ्यात दहा बिंदू एका ओळीत आणि एकच भलतीकडे उडालेला. चौथ्यात दहा बिंदू ८ या आकड्यावर एकाखाली एक आणि अकरावा दूर १९ वर, तो एकटाच सगळी रेषा आपल्याकडे ओढतो. बारावीच्या प्रत्येक वर्गात हे चार आलेख मुलांकडून काढून घ्यावेत. टायपायला चव्वेचाळीस जोड्या, वेळ लागलाच तर अर्धा तास.

धायरी-नऱ्ह्याच्या बाजूला लहान इंजिनिअरिंग कारखाने पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कामातही ही गोष्ट तितकीच खरी आहे. हीट ट्रीटमेंटचे उदाहरण घ्या. भट्टीत जॉब ठेवला की थर्मोकपल तापमान मोजत राहते आणि डेटा लॉगर ते फाइलमध्ये लिहीत जातो. सेकंदाला एक नोंद धरली तर आठ तासांच्या पाळीत २८,८०० ओळी होतात. गिऱ्हाईक विचारते: ठरलेल्या तापमानावर जॉब किती वेळ होता? सरासरी तापमानाने याचे उत्तर मिळत नाही. आलेखात मात्र चढ, मग सपाट माथा, मग उतार असे तिन्ही भाग वेगळे दिसतात आणि सोकिंगचा वेळ त्या सपाट माथ्याच्या लांबीवरून मोजता येतो. मध्येच रेषा एका क्षणात शेकडो अंश वर उडाली, तर भट्टी एवढी पटकन तापत नाही हे कारागिराला ठाऊक असते. तार सैल झाली किंवा थर्मोकपल तुटले, हे तो आलेख पाहूनच सांगतो. या कामाला केएसटी नावाचे मोफत सॉफ्टवेअर फार सोयीचे आहे. फाइलमध्ये नव्या ओळी पडत असतानाच त्याचा आलेख पुढे सरकत राहतो आणि लाखो ओळींनीही ते अडखळत नाही.

ज्यांना आज्ञा लिहिणे नको वाटते त्यांच्यासाठी खिडक्या-बटणांची सॉफ्टवेअर आहेत. लॅबप्लॉट आणि व्ह्यूझ ही दोन्ही मुक्त आहेत. त्यांत फाइल निवडायची, कोणता स्तंभ कुठे हवा ते सांगायचे आणि माउसने आलेख सजवायचा. प्रयोगशाळांमध्ये ओरिजिन चालते, पण त्याला पैसे मोजावे लागतात. आणि ज्याला थोडे प्रोग्रॅमिंग शिकायची तयारी आहे त्याने पायथन आणि मॅटप्लॉटलिबकडे वळावे. मॅटप्लॉटलिब जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या संशोधकाने लिहिले. अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतले विद्युतसंकेत पाहण्यासाठी त्याला हवे तसे साधन मिळेना, म्हणून त्याने स्वतःच ते तयार केले आणि २००३ मध्ये सगळ्यांना खुले केले. २०१२ मध्ये तो गेला. त्याचे काम आज जगभरच्या प्रयोगशाळांत रोज वापरले जाते.

यावर ‘एक्सेल आहे की’ असे कुणीही म्हणेल. रोजच्या हिशेबाला एक्सेल उत्तमच. मोठ्या नोंदींना मात्र त्याच्या मर्यादा नडतात. इंग्लंडमध्ये २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कोविडच्या १५,८४१ रुग्णांची नोंद मुख्य यादीत वेळेवर चढलीच नाही. प्रयोगशाळांकडून टेक्स्टमध्ये आलेल्या नोंदी एक्सेलच्या जुन्या प्रकारच्या फाइलीत भरल्या जात होत्या आणि त्या प्रकारात ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत. उरलेल्या ओळी गळून पडल्या. त्या रुग्णांच्या संपर्कात आलेल्यांना शोधायला उशीर झाला. एक्सेलची दुसरी खोड तारखांची. काही जनुकांची संक्षिप्त नावे त्याला मार्च-सप्टेंबरच्या तारखा वाटत आणि ते ती बदलून टाकी. शेवटी २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी त्या जनुकांचीच नावे बदलली. टेक्स्ट फाइल अशी ढवळाढवळ करत नाही. तिच्यात लिहिले तेच राहते आणि पन्नास वर्षांनीही ती कोणत्याही संगणकावर उघडेल.

तिच्याही काही खाचाखोचा आहेत. स्वल्पविरामाने स्तंभ तोडलेल्या सीएसव्ही फाइलीत सव्वा लाख ही रक्कम आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देऊन लिहिली तर तिचे तीन स्तंभ होतात. ज्या दिवशी मोजमापच झाले नाही तिथे हवामान खात्याच्या पावसाच्या फाइलींत उणे ९९९ लिहिलेले असते. ते न वगळता सरासरी काढली तर चेरापुंजीतही दुष्काळ दिसेल. आलेखात मात्र तो आकडा तळाशी कोसळलेला लगेच दिसतो. देवनागरी आकड्यांचेही असेच आहे. ‘४२’ हा मजकूर संख्येत बदलायला सांगितला तर पायथन तो बिनतक्रार बदलते, पण सगळीच सॉफ्टवेअर तसे करत नाहीत, म्हणून फाइलीत इंग्रजी आकडे लिहिलेले बरे. आणि एकक पहिल्या ओळीत लिहायला विसरू नये. मिलिमीटर की सेंटिमीटर, हे दहा वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

साध्या टेक्स्ट फाइलीत किती मोठी गोष्ट मावते, याचे सर्वांत देखणे उदाहरण १४ सप्टेंबर २०१५ चे आहे. त्या दिवशी अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांनी गुरुत्वीय लहर प्रथमच टिपली. सूर्याच्या अनुक्रमे ३६ आणि २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती, १३० कोटी प्रकाशवर्षे दूर. ११ फेब्रुवारी २०१६ ला शोध जाहीर झाला तेव्हा शोधनिबंधातल्या आलेखामागचे आकडे टेक्स्ट फाइलींच्या रूपाने सर्वांसाठी खुले केले गेले. त्यांत एका स्तंभात वेळ आणि दुसऱ्यात अंतरातला सूक्ष्म फरक, असा तो सगळा ऐवज. चार किलोमीटर लांबीच्या भुजेत झालेला बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या शंभराव्या भागाहूनही कमी होता. ती फाइल कुणीही उतरवून घ्यावी आणि नूप्लॉटला द्यावी. ०.२ सेकंदात लाटा जवळजवळ येत जातात, उंच होतात आणि एकाएकी शांत होतात. गोंगाटातून असा संकेत शोधून काढण्याच्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पुण्याच्या आयुकातले संजीव धुरंधर होते. आता लायगोची भारतातली वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात उभी राहणार आहे. तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. मराठवाड्यातल्या शाळांमधून ती लहर मुलांनी स्वतः काढून पाहायला काहीच अडचण नाही.

शिकायची सोयही घरबसल्या आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाने मुक्त सॉफ्टवेअर महाविद्यालयांपर्यंत नेण्याचे मोठे काम केले आहे आणि त्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरिअलमध्ये लिबरऑफिस, सायलॅब यांसारख्या सॉफ्टवेअरचे छोटे धडे मराठीतूनही फुकट ऐकता येतात. नूप्लॉट आणि लॅबप्लॉट उतरवून घ्यायला पैसे पडत नाहीत आणि साध्या संगणकावर ती चालतात. शिक्षकांनी प्रॅक्टिकलच्या जर्नलमधले आलेखाच्या कागदाचे पान जरूर ठेवावे, हाताने बिंदू मांडल्याशिवाय अक्ष आणि प्रमाण समजत नाही. पण त्यानंतर तेच आकडे मुलांकडून टेक्स्ट फाइलमध्ये लिहून घ्यावेत आणि संगणकावर आलेख काढून घ्यावा. सुरुवातीला आपल्याच शाळेच्या गच्चीवर मोजलेला पाऊस पुरेसा आहे.